ज्याने फीत बांधली

४ मार्च

नाव कळलं एकदाचं! नऊ दिवस ताप, गिळता येईना असा घसा, मानेला लिंबाएवढ्या गाठी. त्यात पहिल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी अंगभर लाल पुरळ. आज दुसऱ्या डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला आणि म्हणाले, "मोनोन्यूक्लिओसिस." मग चष्म्यावरून बघत — "कॉलेजातल्या पोरांना होतो हो हा. चुंबनाचा आजार म्हणतात. थुंकीतून पसरतो."

नवरा हसला. जरा जास्तच हसला.

चार ते सहा आठवडे घरी. प्लीहा सुजली आहे, त्यामुळे वजन उचलायचं नाही, पोटाला धक्का लागू द्यायचा नाही. "काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं. "वाद्यं दुरुस्त करते. क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन. दुरुस्त झालं की फुंकून बघते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी तोंडात घातलेलं तोंडात घालता?"

"धुऊन," मी म्हणाले. "धुतल्याशिवाय नाही."

गाडीत नवरा म्हणाला, "फुंकणीबाई, बावीस वर्षांच्या संसारात आपल्याकडून तरी नाही झाला हा!" मी हसले नाही. घसा दुखत होता, पण त्यामुळे नव्हे.

५ मार्च

झोपले. उठले. दात घासून दमले. परत झोपले.

६ मार्च

सासूबाईंनी माझा कप वेगळा केला. वेगळा नुसता नाही, उकळत्या पाण्यात घालून चिमट्याने काढतात. "अहो आई, तो कप वितळेल," नवरा म्हणाला. (लाडात आला की आईला अहोजाहो करतो.) "वितळू दे. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं." मी अंथरुणातून म्हणाले, "आता फुंकण्याचं नाव नका काढू." घसा फाटला, पण बोलले.

हे सगळं गमतीचं. पण एक गोष्ट गमतीची नाही. मी पलंगावर आडवी, सासूबाई कप उकळतात — आणि नवरा ठणठणीत. त्याला शिंकही नाही. माझ्या ताटातली अर्धी पोळी खायची सवय त्याची. माझ्या आधी त्याला व्हायला नको होता? की त्याला कुठून तरी मिळाला, त्याच्या अंगाला लागला नाही आणि माझ्या लागला? बाल्कनीत जाऊन फोनवर बोलतो. दार ओढून घेतो. "तू झोपली होतीस म्हणून." असेल. झोपले होतेच.

मनात पाल चुकचुकली की चुकचुकतच राहते. तिला हाकलायला उठावं लागतं आणि मला तर उठवत नाही.

८ मार्च

लिहायला लाज वाटते, पण न लिहिणं हा खोटेपणा. तो अंघोळीला गेला तेव्हा त्याच्या कोटाचे खिसे पाहिले. सापडलं काय? पेट्रोलची पावती, खोकल्याची गोळी, माझ्याच औषधांची यादी — त्याच्या अक्षरात, वेळा मांडून.

संध्याकाळी सासूबाईंशी जरा आडून बोलले. "यांना कसा नाही झाला, नाही?" त्या पटकन म्हणाल्या, "त्याला होऊन गेलाय! कॉलेजात असताना. होस्टेलवरून आणला होता घरी, महिनाभर लोळत होता. 'गाठींचा ताप' म्हणायचो आम्ही. कुणी दिला ते काही बोलला नाही हो, मीही विचारलं नाही." आणि गालात हसल्या.

डॉक्टरांना फोन करून विचारलं. एकदा होऊन गेला की सहसा परत होत नाही. म्हणजे त्याचं ठणठणीत असणं हा काही पुरावा नाही. कोटाचे खिसे! बावीस वर्षांनी! त्याला सांगायला हवं. आज नको.

९ मार्च

नवरा नाही, तर मग कारखाना. दुसरं तोंड मी कुठे लावते?

आमच्याकडे पद्धत अशी. वाद्य आलं की आधी नानांकडे. नाना माउथपीस कोमट पाण्यात ब्रशने धुतात, औषधाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवतात, कोरडा करतात आणि वाद्याच्या पेटीच्या मुठीला पांढरी फीत बांधतात. फीत दिसली की मी पेटी उघडते आणि फुंकते. विचारत नाही. अकरा वर्षांपूर्वी हा नियम मीच घातला. दिवसाला वीस-वीस पेट्या, प्रत्येकीला "धुतलं का?" विचारत कोण बसणार? भिंतीवर पाटीही माझ्याच अक्षरात आहे — ज्याने फीत बांधली त्याने जबाब द्यायचा.

म्हणजे फीत खोटी असेल तर मला कळायचा मार्गच नाही.

ताप येण्याच्या आधीच्या आठवड्यात मी काहीतरी पाहिलं होतं. आज आठवलं आणि आता ते डोळ्यांपुढून हलत नाही. नाना एका ट्रंपेटचा माउथपीस ऍप्रनच्या टोकाने पुसत होते. पुसला, पेटीत ठेवला, फीत बांधली. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

१० मार्च

नाना भेटायला आले. मी निरोपही पाठवला नव्हता. संत्री घेऊन आले, दाराशीच उभे राहिले. "बसा ना, नाना." "नको बाई, तुम्ही पडून राहा." खुर्ची ओढली तीही भिंतीपर्यंत. नजरेला नजर देत नव्हते. माझ्या मानेच्या गाठी बघत होते, मग खिडकी.

बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली. जानेवारीत ऑपरेशन झालं तिचं. "चालतेय काठीने. बोलणं मात्र काठीशिवाय चालू आहे." हसले. मीही.

मग उठता उठता — "बाई, तो औषधाचा कॅन अजून अर्ध्याच्या वर भरलेला आहे. नवा मागवायचा नाही ना इतक्यात?"

"अर्ध्याच्या वर?"

"हो. म्हणून विचारलं." आणि परत खिडकीकडे बघायला लागले. "तुम्ही कधी येणार?" हे दोनदा विचारलं.

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काय रे बाबा हा माणूस, उकिडवं बसल्यासारखा बसला खुर्चीत. चोराच्या मनात चांदणं!"

मी म्हटलं नव्हतं. त्यांनी म्हटलं.

११ मार्च

हिशोब अगदी साधा. कॅन दोन महिन्यांत संपतो. वर्षानुवर्षं संपत आलाय. जानेवारीच्या सुरुवातीला नवा उघडला, मार्चमध्ये अर्ध्याच्या वर. औषध वापरलंच जात नाही! आणि ते येऊन मलाच सांगतात — का? मी आल्यावर मला दिसणारच म्हणून आधीच सारवासारव?

स्वतःला विचारलं: बावीस वर्षं इथे काम केलेला माणूस. माझ्याआधीपासून तिथे. औषधाने बोटांची सालं निघालेली, हिवाळ्यात हातमोजे घालत नाहीत कारण "मोज्यात मळ कळत नाही." असा माणूस चुकवेल? पण मग मला झाला कुठून? माणूस थकतो. घरी आजारपण. हात आखडतो. मी त्यांना दोष देत नाही, मी फक्त —

देतेच आहे. दोषच देते आहे. लिहिताना तरी सरळ लिहावं.

आणि शाळेच्या बँडची वाद्यं येतात आमच्याकडे. पोरं तोंडाला लावतात ती. मी गप्प बसले तर ते माझ्यावर.

१२ मार्च

मालकांना चिठ्ठी लिहिली. दोन पानं. ऍप्रन, कॅन, फीत. "माझा आजार यातूनच आला असावा असं मानायला जागा आहे" — हे वाक्य तीनदा खोडून परत लिहिलं. "असावा" ठेवलं. "असावा" ठेवलं म्हणजे आपण न्यायाने वागलो असं वाटलं.

नवरा चिठ्ठी न्यायला तयार नव्हता.

"तू स्वतः पाहिलंस?"

"पुसताना पाहिलं."

"पुसताना पाहिलंस. न बुडवताना नाही पाहिलंस."

"न बुडवताना कसं पाहणार? न केलेली गोष्ट दिसते का?"

"तेच म्हणतोय मी."

"तुझं काय जातं म्हणायला! पलंगावर मी आहे."

नेली. कोट घालताना त्याचे खिसे दिसले आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

१३ मार्च

ताप नाही. गाठी उतरताहेत. अर्धा टोस्ट खाल्ला. मालकांचा फोन नाही.

१५ मार्च

मालकांचा फोन आला. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. वडील गेल्यावर गल्ल्यावर बसले, ताई म्हणतात मला.

"ताई, नानांना घरी बसवलंय. तुम्ही परत आलात की ठरवू, पण खरं सांगायचं तर ठरवायला फार काही उरलं नाही. मी तुमची चिठ्ठी त्यांना वाचून दाखवली."

"पूर्ण?"

"पूर्ण. मग विचारलं, नाना, हे असं झालंय का? ते म्हणाले, बाईंनी लिहिलंय म्हणजे झालं असेल."

"झालं असेल की झालं?"

"असेल, म्हणाले. ऍप्रन काढून खुंटीला लावला आणि निघाले. मी थांबा म्हणालो, हिशोब तरी करू. थांबले नाहीत."

कबूल केलं तर! मी बरोबर होते. हे वाक्य लिहून पाव तास बसून आहे. बरोबर असल्यावर जसं वाटायला हवं तसं काही वाटत नाही.

१७ मार्च

डॉक्टरांकडे. प्लीहा अजून हाताला लागते. आणखी दोन आठवडे जपायचं. उठताना सहज विचारलं — खरं तर सहज नव्हे, शाबासकी मिळवायला विचारलं — "आदल्या आठवड्यात दूषित वस्तू तोंडाला लागली तर इतक्या लवकर होतो ना?"

"आदल्या आठवड्यात? छे! हा सर्दीसारखा नाही. अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. तुमचा ताप चोवीस फेब्रुवारीचा, म्हणजे जानेवारीचं बघा. मधले दोन-तीन आठवडे." मग, "पण बघू नका. कुणाकडून आला हे दहातल्या नऊ जणांना कधीच कळत नाही. धडधाकट माणसाच्या थुंकीतही असतो तो. शोधत बसलात तर सगळं गाव चोर दिसेल."

जानेवारी. मधले दोन-तीन आठवडे.

गाडीत नवऱ्याने विचारलं, दुखतंय का. हो म्हणाले.

१८ मार्च

मागची वही काढली. ही सुरू व्हायच्या आधीची, कपाटात खाली होती. वाकू नको म्हणून सासूबाईंनी काढून दिली. "काय शोधतेस?" "तारीख."

उतरवून घेते. माझंच अक्षर:

"१० जाने. नाना आजपासून तीन आठवडे रजेवर, बायकोचं ऑपरेशन. धुण्याचं कामही माझ्याकडे. मालक म्हणाले माणूस आणू का. म्हटलं कशाला, माझ्याइतकं नीट कोण करणार!"

"१५ जाने. शाळेची एकेचाळीस वाद्यं आली, सोमवारी परत हवीत. दहा मिनिटं बुडवत बसले तर होणार नाही. दोन-दोन मिनिटं ठेवते आहे. दोन पुरतात."

"१७ जाने. कॅन जड, उचलून ओतताना पाठीत भरते. उरलेले माउथपीस गरम पाण्याने धुऊन फडक्याने पुसले. स्वच्छ दिसतात. फिती बांधल्या. संपलं एकदाचं!"

संपलं एकदाचं. खाली रेघही मारलेली आहे.

म्हणजे फीतही मीच बांधली आणि फुंकलंही मीच. नाना तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेले. कॅन भरलेला राहिला तो माझ्या तीन आठवड्यांमुळे, आणि मी पडल्यापासून काम जवळजवळ बंद आहे त्यामुळे. परत आल्यावर त्यांना तो दिसला. त्यांना विचारायचं होतं, आणि बाईंना विचारायचं कसं ते कळत नव्हतं — म्हणून ती खिडकी. म्हणून दोनदा "कधी येणार."

आणि ऍप्रन! माणूस पुसतो कधी? वस्तू ओली असते तेव्हा. ओली असते कारण ती बुडवलेली असते. पंधरा दिवस पलंगावर पडून जगातल्या सगळ्यांना तपासलं आणि एवढं एक वाक्य सुचलं नाही.

डॉक्टर म्हणाले तसं, कदाचित तिथूनही आला नसेल. कधीच कळणार नाही. पण या पळवाटेने मला सुटायचं नाही. चिठ्ठी मी लिहिली. "असावा" घालून लिहिली.

विसरले होते का खरंच? की माझ्या हातून चूक होत नाही हे मला इतकं पाठ होतं की वही उघडावीशीही वाटली नाही? दुसरं. दुसरंच.

१९ मार्च

वही जाळली तर कुणाला कळणार नाही, हा विचार सकाळी सात ते सव्वासात मनात होता. लिहून ठेवते.

२० मार्च

आधी मालकांना फोन. सगळं सांगितलं, वहीतलं वाचून दाखवलं. "ताई, तुम्ही?" एवढंच म्हणाले. तीनदा. मग — "नानांना सोमवारपासून या म्हणून सांगतो. तुमचं काय करायचं ते तुम्ही बऱ्या झाल्यावर बोलू." बोलू दे.

मग नवऱ्याला सांगितलं, नानांचं आणि खिशांचंही. खिशांचं ऐकून म्हणाला, "खोकल्याची गोळी तूच घेतलीस होय!" मग म्हणाला, "चल, मी नेतो." दुसरा मजला होता. प्रत्येक वळणावर थांबत, त्याचा हात धरून चढले.

नानांची बायको पाय स्टुलावर ठेवून बसलेली. नाना पाणी घेऊन आले. माझा पेला वेगळा नव्हता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. वही पुढे केली.

"नको बाई. दुसऱ्याची वही वाचू नये."

"वाचा, नाना. म्हणजे खात्री पटेल."

वाचली नाही. "म्हणजे मी रजेवर होतो."

"हो."

"मग मी मालकांना 'झालं असेल' असं का म्हणालो?"

"माझ्या चिठ्ठीमुळे."

त्यांच्या बायकोने पाय स्टुलावरून खाली घेतला. "मी सांगत होते यांना! बावीस वर्षं हात सोलून घेतले आणि कुणी बोट दाखवलं की लगेच मान खाली. आणि बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही कागदावर लिहिलं की आमच्याकडे ते खरंच असतं. एवढं तरी लक्षात ठेवायचं होतं."

"अगं, त्या आजारी आहेत," नाना म्हणाले.

"मग? मीही आहे!"

माफी मागितली. दोघांचीही. नाना म्हणाले, "बरं झालं आलात. जिन्यावरून सावकाश उतरा." सोमवारी येता ना, विचारलं. मान हलवली.

घरी येऊन जेवले. महिन्यात पहिल्यांदा घासाला चव लागली. याचीही शंका घ्यावी का? आज नाही घेत.

२३ मार्च, सोमवार

नाना गेले नाहीत कामाला. दुपारी त्यांचाच फोन आला.

"राग नाही हो बाई तुमच्यावर. पण त्या दिवसापासून मला काही कळेनासं झालंय. गॅस बंद करतो, परत जाऊन बघतो. कुलूप लावतो, जिन्यावरून परत वर येतो. काल हिला गोळी दिली की नाही तेच आठवेना. दोनदा दिली असती तर? असल्या हातांनी पोरांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तू कशा धुऊ?"

"नाना, तुम्ही तेव्हा तिथे नव्हताच. तुमच्या हातून काहीच झालेलं नाही."

"हो ना. पटतंय मला ते." मागे गॅसचं बटण तपासल्याचा खटका ऐकू आला. "तरीपण, बाई."